स्लीव्ह ठरवून गेले, बायपास करून आले

गेल्या फेब्रुवारीत माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ओळखीच्या, अनोळखी बऱ्याच जणींचे फोन येतात. पहिला प्रश्न "किती किलो गेलं?", दुसरा "खर्च किती आला?" कोणतं ऑपरेशन केलं (स्लीव्ह की बायपास, दोन्ही जठर लहान करण्याच्या पद्धती) आणि तेच का, हे सहसा कोणी विचारत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ, आणि झोपही, त्याच प्रश्नात गेली. म्हणून क्रमाने सगळं लिहिते. मी डॉक्टर नाही, माझ्या शरीरापुरतं सांगतेय.

जून २०२४. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरला आहे. तेव्हा वय ४४, उंची १५४ सेंमी, वजन ११२ किलो. मधुमेहाच्या गोळ्या सहा वर्षं चालू. दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, कारण आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. आणि उजवा गुडघा. एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल ताई, पण या वजनावर मी हात लावणार नाही. आधी वजनाचं बघा." डाएट करून झालंच होतं. गेलेलं वजन दर वेळी व्याजासकट परत यायचं. पुण्यातल्या एका सर्जनचं नाव त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलं.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढला तर ४७ आला. आपल्याकडे डॉक्टर साधारणपणे ३७.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ च्या पुढे. म्हणजे "मी त्यात बसते का" हा प्रश्नच नव्हता.

घरात मात्र वातावरण तापलं. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं?" दिरांना २०१७ मध्ये वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आणलेली ती इजिप्तची इमान अहमद आठवली. ती पुढे वारली ना, म्हणाले. तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास होतं आणि ती कित्येक वर्षं अंथरुणातून उठली नव्हती, हे सांगूनही उपयोग नव्हता. आमचे हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक शंभरपानी वही आणून दिली आणि म्हणाले, "जे विचारायचं ते लिहीत जा." ती वही पुढे फार उपयोगी पडली.

चिठ्ठीवरच्या सर्जनची वेळ ऑगस्टमधली मिळाली. तोवर जुलैत पुण्यातल्याच एका दुसऱ्या सेंटरला गेलो. तिथे डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटल्या. वजन, उंची घेतली, एक चकचकीत फोल्डर पुढे सरकवलं. "स्लीव्ह. पावणेतीन लाखांचं पॅकेज. या महिन्यात बुकिंग केलंत तर तपासण्या त्यातच." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. स्लीव्हच करायचं हे मी आधीच मनाशी धरलं होतं. ऐकायला सगळ्यात साधं तेच. जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते ती एक नळी. आतड्याला हात लागत नाही. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. निघताना मी पित्ताचा त्रास सांगितला. "वजन कमी झालं की तेही जातं" एवढंच उत्तर मिळालं. डॉक्टर सहा-सात मिनिटं भेटले असतील.

ऑगस्टमध्ये चिठ्ठीवरच्या सर्जनकडे गेलो. फी १,२०० रुपये, आणि बाहेर अडीच तास थांबणं. इथल्या खुर्च्यांना हात नव्हते. जिचं वजन शंभराच्या पुढे गेलंय तिला यातलं सुख सांगावं लागणार नाही. डॉक्टरांनी वजनाबद्दल जवळपास काही विचारलंच नाही. छातीत जळजळ किती वर्षं? रात्री ठसका लागून जाग येते? घोरता? पाळी कशी आहे? गुडघ्यासाठी कोणत्या गोळ्या घेता, आठवड्यातून किती? मधुमेह कधीपासून, इन्सुलिन कधी लागलं का? आणि मग, "मशेरी लावता?" मी नाही म्हटलं. माझ्या आधी आत गेलेल्या मावशींना याच प्रश्नावर परत पाठवलं होतं. मशेरी, तंबाखू, सिगारेट पूर्ण सुटल्याशिवाय तारीख नाही म्हणून. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासमध्ये जठर आतड्याला जिथे जोडतात त्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला स्लीव्ह करायचंय." ते म्हणाले, "आधी दुर्बीण घालू, मग ठरवू."

तपासण्यांना सप्टेंबर संपला, मध्ये गणपती होते. रक्ताच्या तपासण्या (तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, यकृत), पोटाची सोनोग्राफी, टू-डी इको, फुप्फुसांची चाचणी, झोपेची चाचणी आणि एंडोस्कोपी (घशातून दुर्बीण). आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी वेगळ्या. सगळं मिळून साधारण २६,००० रुपये. इथे एक सांगते: प्रत्येक पावती आणि रिपोर्ट मूळ स्वरूपात जपा, आणि तपासणी लिहून दिलेली डॉक्टरांची चिठ्ठीही. माझ्या पॉलिसीत ॲडमिट होण्याआधीच्या ६० दिवसांचा खर्च मिळत होता, पण चिठ्ठी नसेल तर नुसती पावती चालत नाही. माझ्या बहुतेक तपासण्या त्या ६० दिवसांच्या बाहेर गेल्या. शेवटी पुन्हा केलेल्या रक्ताच्या तपासण्यांचे पैसे तेवढे मिळाले.

एंडोस्कोपीची मला फार धास्ती होती. घशात कडू फवारा मारला, जीभ जाड झाली, दातांत प्लॅस्टिकचं कडं अडकवलं आणि सिस्टरने पाठीवर हात ठेवला. दोन उमाळे आले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि "झालं ताई" म्हणाल्या सुद्धा. रिपोर्ट मात्र माझ्या मनासारखा नव्हता. अन्ननलिकेला खालच्या बाजूला आम्लाने जखमा, ग्रेड बी. छोटा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग थोडा छातीत सरकलेला. वर एच. पायलोरी जंतूही सापडला. त्यासाठी १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स, आणि काही आठवडे थांबून पुन्हा चाचणी. झोपेची चाचणी घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या पुढे म्हणजे तीव्र. ऑपरेशनआधी रोज रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास मोकळा ठेवणारं) लावायला सांगितलं. ते महिन्याच्या भाड्याने मिळतं, विकत घ्यायची घाई करू नका. हिमोग्लोबिन ९.६.

आता खरा गुंता सुरू झाला.

सर्जननी कोऱ्या कागदावर तीन पोटं काढून दाखवली. तो कागद अजून वहीत आहे. स्लीव्हमध्ये उरलेली नळी अरुंद असते, आत दाब वाढतो, आणि तो दाब आम्ल वर ढकलतो. ज्यांना आधी पित्त नसतं त्यांनाही काही वेळा नंतर सुरू होतं, आणि माझ्या अन्ननलिकेला तर आधीच जखमा. बायपासमध्ये अन्ननलिकेखाली साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि ती सरळ लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही आणि तिथलं आम्ल वर येत नाही. त्यांनी २०१८ मध्ये छापून आलेल्या स्वित्झर्लंड आणि फिनलंडमधल्या दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. दोन्हीकडे पेशंटना स्लीव्ह आणि बायपास अशा गटांत वाटून पाच वर्षं पाहिलं होतं. दोन्ही ऑपरेशनांत वजन उतरण्यात फार मोठा फरक नव्हता. पित्ताच्या बाबतीत मात्र स्विस अभ्यासात बायपास स्पष्टपणे सरस ठरलं.

एवढ्यावर निर्णय व्हायला हवा होता. पण माझ्या वहीत दुसऱ्या बाजूलाही नोंदी होत्या. एक, गुडघा. बायपासनंतर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जवळजवळ कायमच्या बंद, कारण जोडाला व्रण होतो. मी तर आठवड्यातून तीनदा घेत होते. दोन, हिमोग्लोबिन. लोह ज्या आतड्यात जास्त शोषलं जातं तोच भाग बायपासमध्ये वगळला जातो. पाळीला अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही. तीन, उरलेल्या जठरात पुढे कधी काही झालं तर नेहमीच्या दुर्बिणीने तिथे पोचणं अवघड. मधुमेह मात्र बायपासच्या बाजूने बोलत होता.

म्हणजे अन्ननलिका म्हणते बायपास, साखर म्हणते बायपास, गुडघा म्हणतो स्लीव्ह, रक्त म्हणतं स्लीव्ह. त्या दिवसांत काउंटरवर नोटा मोजताना आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं.

दिवाळीनंतर तिसरं मत घेतलं. हे सर्जन मिनी बायपासचे. त्यात पिशवी लांबट असते आणि आतड्याला दोनऐवजी एकच जोड असतो. ऑपरेशनला वेळ कमी लागतो, मधुमेहावर परिणाम चांगला, आपल्याकडे पुष्कळ होतं. त्यांनी फार नीट समजावलं. मी विचारलं, "माझ्या अन्ननलिकेला चालेल?" ते थोडं थांबून म्हणाले की एका जोडामुळे पित्तरस पिशवीच्या जवळून वाहतो आणि काहींना तो वर येतो. ग्रेड बी जखमा असताना ते स्वतः दोन जोडांचंच सुचवतील. स्वतःचं ऑपरेशन मला न विकता त्यांनी हे सांगितलं, म्हणून मी चिठ्ठीवरच्या सर्जनवर पूर्ण विश्वास टाकला. तिसरं मत घेताना "माझ्यासाठी काय चांगलं" असं विचारू नका. रिपोर्ट पुढे ठेवा आणि "या रिपोर्टवर तुमच्या पद्धतीत काय बिघडू शकतं" असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

मग उरलेल्या दोन अडचणी एकेक करून बाजूला केल्या. हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ऑपरेशननंतर पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपीवर भागवू. वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार उतरतो." स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीवर उपचार सुरू केले आणि लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून दिलं. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११.४ आणि एच. पायलोरी निगेटिव्ह. बायपास ठरलं.

आता विमा. लठ्ठपणावरचं ऑपरेशन पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. पुढच्या अटी वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दांत असं आहे की डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवं, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काही हवं, आणि तेही साधे उपाय करून उपयोग झाला नाही अशा परिस्थितीत. शिवाय कंपन्यांचा स्वतःचा प्रतीक्षाकाळ असतो. माझी पॉलिसी २०१९ ची, खंड न पडता चालू, म्हणून तो अडथळा नव्हता.

तरी कॅशलेसला क्वेरी आलीच. मधुमेह नेमका कधी कळला त्याचा पहिला कागद द्या, आणि आधी वजन कमी करण्याचे काय प्रयत्न केले त्याचा पुरावा द्या. पुरावा कुठून आणायचा? साताऱ्यातल्या आहारतज्ज्ञांकडे माझं जुनं कार्ड निघालं, दर भेटीच्या वजनाच्या नोंदींसकट. त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या. सर्जनच्या पत्रात "सौंदर्यासाठी नाही, आजारासाठी" हे स्पष्ट लिहून घेतलं, बीएमआय आकड्यात. जानेवारी अर्धा त्यात गेला. मंजुरीचा मेसेज आला तेव्हा मी शेजारी हळदीकुंकवाला बसले होते. हातातला तिळगूळ तसाच पिशवीत टाकला.

अजून एक, खोलीचं भाडं. पॉलिसीत त्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरच्या वर्गाची खोली घेतलीत तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. बिलातल्या इतर बऱ्याच रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. आम्ही दोन खाटांच्या खोलीत राहिलो. आणि अंदाजपत्रक घेताना स्टेपलरची (जठर कापून शिवणाऱ्या यंत्राची) किती काडतुसं धरली आहेत ते विचारा. एक जरी जास्त लागलं तरी बिल चांगलंच हलतं.

२७ जानेवारीपासून दोन आठवडे यकृत लहान करण्याचा आहार होता: प्रोटीन पावडर, ताक, पातळ भाज्यांचं सूप, अंड्याचा पांढरा भाग. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर आडवं येतं, ते आक्रसलं की सर्जनला जागा मिळते. पहिले तीन दिवस डोकं भयंकर दुखलं, नंतर सरावले. नेमकी त्याच वेळी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची) साथ आली. आमचा मुक्काम धायरीला नणंदेकडे ठरला होता. सासूबाईंनी "आता तरी पुढे ढकला" असा धोशा लावला. सर्जनना विचारलं. जुलाब-ताप नाही ना, पाणी उकळून प्या, मुक्काम हॉस्पिटलजवळ करा, तारीख ठेवू, म्हणाले. आम्ही लॉज घेतला आणि घरून उकळलेल्या पाण्याचे कॅन नेले.

१० फेब्रुवारी २०२५ ला ॲडमिट, ११ ला सकाळी ऑपरेशन. पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन. जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. संध्याकाळी सिस्टरनी उठवून चालवलंच. तीन चेंडूंच्या खेळण्यासारख्या यंत्रात श्वास ओढायचा, तोही तासातासाला. दुसऱ्या दिवशी औषधाच्या मापट्यातून पाणी, ३० मिलिलिटर, घोट घोट, पंधरा मिनिटांत. पहिला घोट छातीतून खाली उतरताना अगदी स्पष्ट जाणवला, आणि मापटं संपेपर्यंत माझं पोट भरलं होतं. शेजारच्या खाटेवर स्लीव्ह झालेली बारामतीची मुलगी होती. तिला पित्त नव्हतं, मधुमेह नव्हता, वय २६. तिच्यासाठी तेच योग्य होतं. दोघी रात्री कॉरिडॉरमध्ये सलाइनचे स्टँड ढकलत चालायचो.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बिल ४,२६,००० झालं, विम्याने ३,६१,००० दिले, ६५,००० खिशातून. डिस्चार्जच्या दिवशी कंपनीची अंतिम मंजुरी यायला संध्याकाळ झाली. सोबतच्या माणसाने जेवणाची सोय करून ठेवावी.

पुढचं थोडक्यात. दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, साधारण दोन महिन्यांनी ज्वारीची भाकरी, तीही चतकोर. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. रोज ६० ग्रॅम प्रथिनं, ताटात आधी तीच. सोमवार आणि चतुर्थी सोडली. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. यावर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, मग स्वतःच माझ्या वाटणीचा उपवास करायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात केस मूठ मूठ गळले, सहाव्याला थांबले. डंपिंग म्हणजे काय ते पुतणीच्या बारशाला कळलं. अर्धा गुलाबजाम खाल्ला आणि दहा मिनिटांत घाम, धडधड, पोटात पीळ. कोचावर डोळे मिटून पडून राहिले, अर्ध्या तासात ओसरलं.

गोळ्या कायमच्या. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, लोह, बी-१२, ड. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी होती. महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. हा खर्च आणि ही शिस्त झेपणार नसेल तर बायपासचा निर्णय पुन्हा एकदा तपासा, असं मी फोनवर स्पष्ट सांगते.

ऑपरेशननंतर महिन्याभराने, मार्च २०२५ मध्ये, माउंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं. "थांबली असतीस तर सुईवर भागलं असतं" हे ऐकून कान किटले. मी सर्जननाच विचारलं. ते म्हणाले, काहींसाठी ते चांगलं औषध आहे, पण थांबवलं की वजन परत येण्याची शक्यता मोठी. तेव्हा आठवड्याच्या एका बाटलीची किंमत ३,५०० पासून सुरू होत होती. माझ्या पगारात ते वर्षानुवर्षं बसणारं नव्हतं.

आज वजन ७७ आहे. तीन महिन्यांची साखर ८.४ वरून ६.१, मधुमेहाची एकच गोळी अर्ध्या डोसात. एका उशीवर झोपते. झोपेची चाचणी पुन्हा झाली आणि सीपॅप मशीन परत केलं. हिमोग्लोबिन मात्र १०.८ वर आलंय, लोहाचं आणखी एक सलाइन घ्यावं लागणार. पर्समध्ये एक कार्ड असतं: बायपास झालेलं आहे, कोणत्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, सर्जनचा फोन. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनी सवयीने डायक्लोफेनॅक लिहिली होती, कार्ड दाखवल्यावर बदलून दिली. गुडघा अजून दुखतो, जिना उतरताना जास्त. हाडांच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघून बदलण्याचं दोन वर्षं तरी पुढे ढकललंय. फेब्रुवारीत वर्ष होतंय. तेव्हाच्या रक्ताच्या तपासण्यांची यादी आणि एंडोस्कोपीची तारीख वहीत लिहून ठेवली आहे.